सव्वीस महिन्यांचा हिशेब: निर्दोष सुटल्यावर भरपाई कशाची आणि किती?

प्रश्न: माझा धाकटा भाऊ एका कारखान्यात सुपरवायझर होता, पगार २४,००० रुपये. दरोड्याच्या एका फिर्यादीत फक्त आडनाव होतं, त्यावरून पोलिसांनी त्याला उचललं. त्या रात्री तो रात्रपाळीला होता. हजेरीचं रजिस्टर पोलिसांनी कारखान्यातून नेलं, पण दोषारोपपत्राला जोडलंच नाही. २६ महिने तुरुंगात काढल्यावर उच्च न्यायालयातून जामीन झाला, त्यालाही १३ महिने झाले. दोन महिन्यांपूर्वी सत्र न्यायालयाने त्याला निर्दोष सोडलं. नोकरी गेली, आईचे दागिने गेले. सरकारकडून भरपाई मिळते का? आणि योग्य रक्कम किती?

उत्तर: मिळू शकते. पण ‘निर्दोष सुटला, सबब भरपाई द्या’ असं सांगणारा कायदा आपल्याकडे नाही, हे आधी मनाशी पक्कं करा. नागरी व राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार १९७९ साली स्वीकारताना भारताने लिहूनच दिलं होतं, की बेकायदा अटकेबद्दल भरपाई मागण्याचा हक्क आमच्या कायद्यात नाही. विधी आयोगाने ऑगस्ट २०१८ मध्ये २७७वा अहवाल याच विषयावर दिला, चुकीच्या खटल्यांच्या भरपाईसाठी विशेष न्यायालयं सुचवली. अहवाल कपाटात आहे. जुलै २०२५ मध्ये फाशीची शिक्षा झालेल्या एका माणसाला निर्दोष सोडताना सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा म्हटलं, की हा विषय संसदेने पाहावा. तेव्हा आज जे मिळतं ते न्यायालयांनी राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधून, म्हणजे जीवित आणि व्यक्तिगत स्वातंत्र्याच्या हक्कातून, ओढून काढलेलं आहे. ते मिळतंच असं नाही, आणि सगळ्यांना सारखं मिळत नाही.

तुमच्या प्रश्नातली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट म्हणजे ते हजेरीचं रजिस्टर. तुमचा दावा २६ महिन्यांवर उभा राहणार नाही, त्या रजिस्टरवर राहील. असं का, ते जरा विस्ताराने सांगतो, कारण इथेच बहुतेक लोकांची, आणि कधी कधी वकिलांचीही, गल्लत होते.

अटक झाल्यापासून पहिले २४ तास माणूस पोलिसांच्या ताब्यात असतो. त्यानंतर त्याला दंडाधिकाऱ्यापुढे हजर करतात, दंडाधिकारी रिमांडवर, म्हणजे कोठडीच्या आदेशावर, सही करतो, आणि त्या क्षणापासून पुढचा प्रत्येक दिवस कायद्याच्या नजरेत न्यायालयाच्या आदेशाने झालेला असतो. पोलीस कोठडी, मग न्यायालयीन कोठडी, दर पंधरवड्याला नवी तारीख, नवी सही. तुमच्या भावाला ते एकच अखंड दुःस्वप्न वाटलं असेल, पण कायदा त्याचे दोन तुकडे करतो. ‘बेकायदा डांबून ठेवलं’ हा दावा साधारणपणे पहिल्या तुकड्यापुरता चालतो. दुसऱ्या तुकड्याला न्यायाधीशाच्या सहीचं छत्र असतं, आणि न्यायिक आदेशाबद्दल न्यायाधीशावर दावा लावता येत नाही. मग त्या २६ महिन्यांना हात घालायचा तर दाखवावं लागतं, की ती सही मिळवताना न्यायालयापासून काहीतरी लपवलं गेलं. हजेरीचं रजिस्टर ताब्यात असताना ‘आरोपीचा गुन्ह्यात सहभाग निष्पन्न होत आहे’ असा रिमांड अहवाल ज्याने लिहिला, त्याच्यापाशी हा धागा पोचतो.

म्हणून आधी निकालपत्र नीट वाचा. शेवटचं पान नव्हे, मधली पानं. निर्दोष मुक्तता दोन प्रकारची असते. कायद्यात असा भेद लिहिलेला नाही, व्यवहारात मात्र आहे. एकीत ‘संशयाचा फायदा देऊन’ सोडतात. दुसरीत न्यायाधीश लिहितात, की आरोपी घटनास्थळी नव्हताच, तपासी अंमलदाराकडे तसा पुरावा होता आणि त्याने तो दडवला. दुसरं वाक्य लाखमोलाचं. तपासी अंमलदाराच्या उलटतपासात रजिस्टर नेल्याची कबुली आली आहे का, कारखान्याचा कुणी साक्षीदार तपासला गेला का, हेही पाहा. (ज्यांचा खटला अजून चालू आहे त्यांना माझा आग्रह असतो: तपासातली लबाडी दिसत असेल तर अंतिम युक्तिवादात न्यायालयाला तसा स्पष्ट निष्कर्ष नोंदवायची लेखी विनंती करा. सुटकेच्या आनंदात हे कुणालाच सुचत नाही.)

आता मार्ग. तीन आहेत, आणि पहिला सांगायचा तो केवळ तुम्ही त्यात वेळ घालवू नये म्हणून. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५८ मध्ये, आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९९ मध्ये, विनाकारण अटक घडवून आणणाऱ्याकडून भरपाई देववण्याची सोय आहे. कमाल रक्कम १,००० रुपये. तीही पोलिसांकडून नाही, ज्याने अटक करायला लावली त्याच्याकडून. खोट्या फिर्यादीबद्दल भरपाईचं जुनं कलम २५० दंडाधिकाऱ्यापुढे चालणाऱ्या गुन्ह्यांसाठी आहे. दरोड्याचा खटला सत्र न्यायालयात चालतो. दोन्ही सोडून द्या.

दुसरा मार्ग दिवाणी दाव्याचा, आणि इथे घड्याळ तुमच्या विरोधात धावतंय. १९६३ च्या मुदतीच्या कायद्यात बेकायदा बंदिवासाबद्दलच्या दाव्याला, अनुच्छेद ७३ प्रमाणे, एक वर्ष आहे, आणि ते बंदिवास संपल्याच्या दिवसापासून मोजतात. निकालाच्या दिवसापासून नाही. भाऊ जामिनावर सुटला त्याला १३ महिने झाले, म्हणजे ही मुदत निकाल लागला त्याच सुमारास संपत आली होती आणि महिन्याभरापूर्वी संपलीही. ‘खटला चालू असताना दावा कसा लावणार’ असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे, पण मुदतीच्या कायद्याला त्याचं सोयरसुतक नाही.

दुसरी मुदत शिल्लक आहे. द्वेषबुद्धीने खटला चालवल्याबद्दलच्या दाव्याला, अनुच्छेद ७४ प्रमाणे, निर्दोष सुटल्यापासून एक वर्ष. म्हणजे तुमच्या हाती दहा महिने. त्यातले दोन सरकारला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची नोटीस देण्यात जातात. तो काळ मुदतीतून वगळला जातो खरा, पण त्या सवलतीच्या भरवशावर कडेलोटाशी जाऊन उभं राहू नका. यावर आणखी एक अडसर: महाराष्ट्र पोलीस कायद्याचं कलम १६१. कर्तव्याच्या आधाराने केलेल्या कृत्याबद्दल पोलिसावर दावा लावायचा तर मुदत सहा महिने, कृत्याच्या तारखेपासून. सरकारी वकील हे कलम पहिल्याच दिवशी पुढे करतो. पुरावा दडवणं हे कोणत्याच पोलिसाचं कर्तव्य असू शकत नाही, हे त्यावरचं उत्तर. ते दर वेळी पटतं असं नाही, पण द्यायचं हेच. म्हणूनच दाव्याचा मसुदा करताना ‘पोलिसांनी कर्तव्य बजावताना’ अशी वाक्यं स्वतःच्या हाताने लिहू नका. अशा एका वाक्याने दावा बुडालेला मी पाहिला आहे.

या दाव्यात सिद्ध काय करायचं? खटला प्रतिवादीमुळे चालला, तो तुमच्या बाजूने संपला, त्याला वाजवी कारण नव्हतं, मागे द्वेष किंवा गैरहेतू होता, आणि नुकसान झालं. चौथा मुद्दा नाकी नऊ आणतो. तपासी अंमलदाराचं तुमच्या भावाशी वैर नव्हतं, त्याला फक्त गुन्हा उघडकीला आल्याचं दाखवायचं होतं. मात्र ‘द्वेष’ म्हणजे वैयक्तिक दुष्मनीच असं नाही. न्याय मिळावा याखेरीज दुसरा कुठलाही हेतू त्यात बसू शकतो, आणि निर्दोषत्वाचा कागद हातात असूनही पुढे रेटणं यावरून तो हेतू अनुमानाने काढता येतो.

तिसरा मार्ग राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात रिट, म्हणजे हक्कभंगाबद्दल थेट याचिका. तुमच्या प्रकरणात माझा कल याच्याकडे आहे. इथे दाव्यासारखी ठरीव मुदत नाही (उशीर मात्र अंगाशी येतो), रकमेच्या प्रमाणात कोर्ट फी नाही, आणि ‘सरकार सार्वभौम आहे, त्याच्यावर दावा चालत नाही’ हे १९६५ च्या कस्तुरीलाल निकालातलं कवच इथे चालत नाही. ते १९९३ साली नीलबती बेहेरा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं. अट एकच, पण कडक. २००६ च्या सुबे सिंग निकालाप्रमाणे हक्कभंग उघड आणि निर्विवाद हवा, न्यायालयाच्या विवेकाला धक्का देणारा हवा. साक्षीपुरावे नोंदवायला रिटचं न्यायालय बसत नाही. वस्तुस्थितीवर वाद आहे असं दिसलं की ‘दिवाणी न्यायालयात जा’ असं सांगून मोकळं होतं. मी निकालपत्राच्या मधल्या पानांवर अडून बसलो ते यासाठीच. सत्र न्यायाधीशांनी रजिस्टरबद्दल निष्कर्ष नोंदवला असेल तर ती गोष्ट वादातीत झाली. नोंदवला नसेल तर रिट कमजोर होतं आणि दाव्याला पर्याय उरत नाही.

मी स्वतः काय करेन? नोटीस आत्ताच, रिट दोन-तीन महिन्यांत, आणि दिवाणी दावा मुदतीच्या आत, प्रत्येकात दुसऱ्याचा स्पष्ट उल्लेख करून. रिटमध्ये मिळालेली रक्कम दाव्यातून वजा होईल, पण दाव्याचा हक्क जात नाही. रुदुल साह प्रकरणातच सर्वोच्च न्यायालयाने तो राखून ठेवला होता.

त्या प्रकरणापासूनच रकमेचा विचार सुरू करू. बिहारमधला हा माणूस ३ जून १९६८ रोजी निर्दोष ठरला आणि १६ ऑक्टोबर १९८२ रोजी बाहेर आला. निर्दोष ठरल्यानंतर चौदा वर्षं आत. १९८३ साली सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या खंडपीठाने त्याला ३०,००० रुपये देववले. सरकारने आधी दिलेले ५,००० वेगळे. दिवसाला सात रुपयेसुद्धा पडत नाहीत. तरी या निकालाचं मोल रकमेत नाही, रिटमध्ये भरपाई देता येते हे इथे पहिल्यांदा ठामपणे ठरलं.

पुढचे आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहा. १९८५ साली काश्मीरच्या एका आमदाराला विधानसभेत पोचू न देण्यासाठी अटक केली म्हणून ५०,००० रुपये. २०१२ साली मुंबई उच्च न्यायालयाने, जामीनपात्र प्रकरणात रात्रभर पोलीस ठाण्यात ठेवलेल्या एका महिलेला अडीच लाख. २०१६ साली, पुण्यातून उचलून भोपाळला नेलेल्या एका डॉक्टर महिलेला आणि तिच्या वकील आईला प्रत्येकी पाच लाख, काही आठवड्यांच्या कोठडीबद्दल. २०१८ साली इस्रोचे शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांना ५० लाख. ते सुमारे ५० दिवस आत होते. आणि मार्च २०१९ मध्ये, महाराष्ट्रातल्या भटक्या जमातीतल्या सहा जणांना, ज्यांना सर्वोच्च न्यायालयानेच दहा वर्षांपूर्वी फाशी ठोठावली होती, सोळा वर्षांनी निर्दोष सोडताना राज्य सरकारकडून प्रत्येकी पाच लाख.

शास्त्रज्ञाचा दिवस एक लाखाचा, भटक्या माणसाचा दिवस शहाऐंशी रुपयांचा. हा हिशेब थोडा अन्यायकारक आहे, मला मान्य आहे. नंबी नारायणन यांची रक्कम फक्त कोठडीची नव्हती, उद्ध्वस्त झालेल्या कारकिर्दीची आणि चोवीस वर्षांच्या बदनामीची होती. पण बदनामी त्या सहा जणांचीही झाली होती, आणि कारकीर्द नसली तरी आयुष्य होतं. काहींना तर काहीच मिळालं नाही. गुजरातमधल्या अक्षरधाम मंदिरावरच्या हल्ल्याच्या खटल्यात २०१४ साली निर्दोष सुटलेल्यांनी भरपाई मागितली, तेव्हा असा पायंडा धोकादायक ठरेल म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये ऐकूनही घेतलं नाही. यातून एक व्यवहारी धडा मी घेतला आहे: न्यायालयापुढे फक्त ‘किती दिवस’ मांडलं तर न्यायाधीश एक गोल आकडा लिहून मोकळे होतात. दिवसांमागचा माणूस कागदावर दिसला तर आकडा हलतो.

इतर देशांनी दर ठरवून टाकले आहेत. जर्मनीत दिवसाला ७५ युरो, शिवाय आर्थिक नुकसान वेगळं. जपानात दिवसाला १,००० ते १२,५०० येन. ४७ वर्षांहून अधिक काळ बंदिवासात काढलेल्या इवाओ हाकामाता यांना २०२५ साली कमाल दराने सुमारे २१.७ कोटी येन मिळाले. अमेरिकेच्या संघीय कायद्यात वर्षाला ५०,००० डॉलर, फाशीच्या कोठडीत काढलेल्या वर्षाला दुप्पट. ठरीव दराने लॉटरी थांबते, हे खरं. पण मला इंग्लंडमधल्या १९९७ च्या थॉम्पसन निकालाची पद्धत जास्त शहाणपणाची वाटते. त्यात बेकायदा अटकेच्या पहिल्या तासाला ५०० पौंड आणि पहिल्या २४ तासांना सुमारे ३,००० पौंड असा अंदाज दिला होता, पुढे दर उतरता. पहिला तास सर्वांत महाग. तुरुंगातून आलेल्या कुणाशीही बोला, तो सव्वीस महिन्यांचं सांगत नाही. पट्टा काढून घेतला, शेजारी खिडकीतून बघत होते, मुलगी दारात उभी होती, असं सांगतो. (त्याच इंग्लंडात २०२३ पर्यंत तुरुंगात ‘वाचलेला’ राहण्या-जेवण्याचा खर्च भरपाईतून कापता येत असे. आपल्याकडचा एखादा सरकारी वकीलही हे बोलून बघतो, तेव्हा तयार राहा.)

तर तुमचा हिशेब. बुडालेला पगार २६ गुणिले २४,००० म्हणजे ६,२४,०००, पगारपत्रकांसह. त्यावर भविष्य निर्वाह निधीतला मालकाचा हिस्सा, बोनस, आणि जामिनानंतरच्या १३ महिन्यांत कमी मिळालेल्या कमाईचा फरक. वकिलांची फी, पावत्या असतील तेवढी. नसतील तर बँकेतून काढलेल्या रकमांच्या नोंदी. दागिने गहाण टाकले की विकले, त्याची सराफाची चिठ्ठी. तुरुंगात भेटायला जाण्याच्या फेऱ्यांचे एसटीचे पैसे, तुरुंगात पाठवलेल्या मनीऑर्डरी. आत असताना आजार झाला असेल तर कारागृहाच्या दवाखान्याची नोंद, बाहेर आल्यावर झोप उडाली असेल तर मानसोपचारतज्ज्ञाचे कागद. हे सगळं अकरा-बारा लाखांच्या आसपास जाईल असा माझा अंदाज. मग स्वातंत्र्य आणि अब्रू यांची रक्कम, ज्याला पावती नसते. तिथे अटकेची बातमी कुठे छापून आली, बहिणीचं जमलेलं लग्न मोडलं का, घरमालकाने घर सोडायला लावलं का, हे प्रतिज्ञापत्रावर तारखांसह लिहा.

दिवाणी दाव्यात मी एकूण तीसेक लाख मागेन. पाच कोटी मागणारे लोक येतात. त्यांना मी विचारतो, कोर्ट फी भरणार का? दाव्यात ती रकमेच्या प्रमाणात लागते, आणि फुगवलेला आकडा बघून न्यायाधीश खऱ्या आकड्यावरही संशय घेतात. ऐपत नसेल तर निर्धन म्हणून दावा लावता येतो, विधी सेवा प्राधिकरणाकडून वकीलही मिळू शकतो. रिटमध्ये, निकालपत्र अनुकूल असेल तर, पाच ते दहा लाख ही वास्तववादी अपेक्षा. व्याज मागायला विसरू नका. रक्कम सरकारने द्यावी आणि नंतर जबाबदार अधिकाऱ्याकडून वसूल करावी, अशी मागणी करा. अंमलदाराच्या पगारातून वसुलीची वाट तुम्ही बघत बसायची नाही.

मानवाधिकार आयोगाकडे जावं का? आयोग शिफारस करतो, आदेश नाही, आणि घटनेला वर्ष उलटलं की तक्रार घेत नाही. तुमच्या बाबतीत अटकेला तीन वर्षं झाली. सोडा.

आणि एक सापळा. फिर्यादी किंवा ठाण्यातलं कुणी ‘झालं गेलं विसरा, आपसात मिटवू’ म्हणून येईल. कागदावर ‘कोणाविरुद्ध काही तक्रार नाही’ अशी ओळ असते. त्या ओळीखाली भावाने सही केली तर मी वर लिहिलेलं सगळं रद्दी.

या आठवड्यात करायची कामं अशी. सत्र न्यायालयात नक्कल अर्ज टाका आणि निकालपत्रासोबत सगळे रिमांड अहवाल, अटक पंचनामा, जप्ती पंचनामा, जामिनाचा आदेश यांच्याही प्रमाणित प्रती मागा. रजिस्टर नेल्याचा जप्ती पंचनामा नसेल, तर कारखान्याकडे पोलिसांनी दिलेली पोच किंवा मागणीपत्र असेल. ते आजच हातात घ्या, कारखाने जुने कागद जाळतात. कारागृह अधीक्षकांकडून कोठडीच्या कालावधीचा दाखला घ्या, तारखांसह. ठाण्यातल्या सीसीटीव्हीचं चित्रण १८ महिने ठेवायला सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये सांगितलं आहे, त्यामुळे तुमच्या अटकेचं आता मिळणार नाही. स्टेशन डायरीची नोंद मात्र माहिती अधिकारात मागून बघा, नकार आला तरी तो नकार लेखी ठेवा.

राहिला अपिलाचा प्रश्न. मुक्ततेविरुद्ध अपील करायला सरकारला ९० दिवस असतात, आणि उशीर माफ करून घेता येतो. म्हणून पुष्कळ जण म्हणतात, आधी अपील होतंय का ते बघू, उगाच सरकारला डिवचायला नको. ही भीती मला कळते, पण तुमचं वर्ष त्या ९० दिवसांसाठी थांबत नाही. नोटीस पाठवा. अपील झालंच तर रिट काही काळ बाजूला राहील, दावा तहकूब होईल, पण दोन्ही दाखल झालेले असतील.